पावसाळ्यात पिकअपचे खण अडकतात: रंधा हातात घेण्याआधी

मिरग लागून आठवडा झाला नाही तोच माझ्या पिकअपच्या हौद्यातले सामानाचे लाकडी खण रुसायचे. सकाळी गिऱ्हाइकाच्या दारात गाडी लावायची, मागचा फाळका खाली सोडायचा, उजव्या खणाची मूठ धरून ओढायचं, आणि खण चार बोटं बाहेर येऊन थांबायचा. मग एक पाय बंपरला टेकवून दोन्ही हातांनी हिसका. त्या हिसक्यानं खण बाहेर यायचा खरा, पण आतले एल्बो, टी, कपलिंग सगळे एकमेकांत मिसळलेले असायचे. दिवाळी उलटली की हाच खण इतका सैल, की गाडी खड्ड्यात गेली की मागे कोणी पत्रे वाजवतंय असं वाटावं.

असं सलग तीन वर्षं झालं. तिन्ही वर्षी मी एकच उपाय केला. रंधा काढला, जिथे घासतंय असं वाटलं तिथे पाच-सहा हात मारले आणि खण परत बसवला. दुखणं दरवर्षी परत येत होतं ते बऱ्याच अंशी या रंध्यामुळेच. ते कसं, ते पुढे येईल.

मी सिंधुदुर्गात पंप बसवणं आणि नळजोडणीची कामं करतो. वडील मेस्त्री. घाटावरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सुताराला मेस्त्री म्हणतात. त्यामुळे घरात हत्यारं होती आणि आपल्याला सुतारकाम येतं असा माझा समजही होता. गाडीचा हौदा आतून साधारण साडेपाच फूट रुंद. त्यात मागच्या बाजूला ६ फूट लांब, ५ फूट ४ इंच रुंद आणि फूटभर उंच असं प्लायवूडचं खोकं. मध्ये एक उभी फळी, तिच्या दोन्ही अंगांना एकेक खण. केबिनच्या बाजूला उरलेली जागा पंप आणि मोठ्या सामानासाठी मोकळी. खोक्याच्या माथ्यावर पाइप. भरलेला प्रत्येक खण ६० किलोच्या आसपास जातो, कारण जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) फिटिंग आणि पाने काही हलके नसतात.

जाता जाता एक. इंटरनेटवर अशा खणांचे बहुतेक नकाशे आणि व्हिडिओ अमेरिकेतले किंवा ऑस्ट्रेलियातले असतात. तिकडच्या पिकअपच्या हौद्यात दोन्ही बाजूंना चाकांची कुबडं आत आलेली असतात, म्हणून त्यांची खोकी मध्ये अरुंद आणि कडेला कोनाडे अशी असतात. आपल्याकडच्या पिकअपला आणि छोट्या हत्तीला तळ सपाट असतो. त्यांचा नकाशा जसाच्या तसा उचलला तर दोन्ही बाजूंची फूटभर जागा उगाच जाते. मी पहिल्या खेपेला तेच केलं होतं.

आधी गाडी कुठे उभी आहे ते बघा

चौथ्या वर्षी मी परत रंधा घेऊन गाडीमागे उभा राहिलो तेव्हा वडील ओसरीवरून बघत होते. म्हणाले, "लाकडाक दोष कित्याक देतंस? गाडी खंय उभी केलंस ता आधी बघ."

बघितलं. मागचं डावं चाक अंगणाच्या कडेच्या चिऱ्यावर चढलेलं होतं. गाडी चार हात पुढे घेतली, सपाटीवर आली, आणि उजवा खण एका हातानं सुटला. सगळा गेला नाही, पण अर्धा अडथळा तिथेच गेला. मला इतकी वर्षं हे कळलं नाही याचं कारण साधं आहे. पावसाळ्यात गिऱ्हाइकाच्या दारात चिखल चुकवायला आपण गाडीचं एक चाक दगडावर, पायरीवर, बांधावर चढवतोच. उन्हाळ्यात तशी वेळ येत नाही. त्यामुळे दोष पावसाचा वाटत राहतो.

मालवाहू गाडीची चासी शिडीसारखी असते. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे. ही शिडी पिळली जाते, आणि ती तशी पिळली जावी म्हणूनच बनवलेली असते, नाहीतर खराब रस्त्यावर चाकं जमीन सोडतील. मागे मालासाठी कडक पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) असल्यानं एक चाक उंच गेलं की तो पीळ थेट हौद्याच्या तळात उतरतो. मी खोकं चारही कोपऱ्यांत बोल्टनं आवळून टाकलं होतं. हौदा पिळला की खोकंही पिळायचं. त्याचं तोंड चौकोनी न राहता तिरकं व्हायचं आणि सरळ खण तिरक्या तोंडात अडकायचा.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. गाडी सपाट जागी लावा. खण पूर्ण बाहेर काढून ठेवा. रिकाम्या तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, म्हणजे वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत आणि उलट. दोन्ही सारखे हवेत. आता मागचं एक चाक चिऱ्यावर किंवा जाड फळीवर चढवा आणि परत मोजा. माझ्याकडे सपाटीवर फरक शून्य होता, चाक चढवल्यावर ५ मिमी. मी बाजूला गाळा, म्हणजे खण आणि खोक्यातली फट, सोडला होता २ मिमी. म्हणजे खण न अडकता तर नवल.

उपाय म्हणजे खोक्याला चारऐवजी तीन टेकू द्यायचे. तीन पायांचा स्टूल कुठल्याही जमिनीवर डगमगत नाही, तसंच. मागच्या तोंडाशी हौद्याच्या रुंदीभर एक आडवा वासा टाकला आणि त्याच्या दोन टोकांना दोन बोल्ट घेतले. पुढे, केबिनच्या बाजूला, मधोमध फक्त एक फूटभर लांबीचा ठोकळा आणि एक बोल्ट. पुढचे दोन कोपरे मोकळे सोडले. त्यांच्याखाली जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे ठेवले, पण खोक्यापासून १० मिमी खाली, म्हणजे माथ्यावर कोणी कोपऱ्यात उभं राहिलंच तर टेकायला काहीतरी असावं. दोन टेकू मागेच हवेत, पुढे नकोत. खण उघडला की सगळा भार मागच्या कडेवर येतो, तिथे एकच टेकू असेल तर खोकं कलंडायला बघेल.

अशा तीन टेकूंवर खोकं स्वतः ताठ असावं लागतं. म्हणून पुढची फळी, जी कधी उघडत नाही, ती पूर्ण बंद आणि चारही बाजूंनी गोंद लावून बसवलेली पाहिजे. माझ्या आधीच्या खोक्यात ती फळी नव्हतीच. सामान दोन्हीकडून काढता येईल म्हणून उघडं ठेवलं होतं. तळ नसलेला खोका हातात धरून पिळून बघा, मग कळेल मी काय करून ठेवलं होतं.

हौद्याला नवी भोकं पाडू नका. दोर बांधायच्या कड्यांची जागा असते, तिथेच पट्ट्या घेऊन बोल्ट लावता येतात. भोक पाडलं की कोकणात दोन पावसाळ्यांत तिथून गंज सुरू होतो. वेल्डिंग तर नकोच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत, आणि तीन बोल्ट सोडवून चौघांनी उचलून खाली ठेवता येईल अशा खोक्यावरून कोणाशी वाद घालत बसायची वेळ येऊ नये हे बरं.

मग लाकूड कुठे फुगलंय ते शोधा

सपाटीवरही खण अडकत असेल तर लाकडाकडे वळायचं. तरीही रंधा नको. आधी खडू. शाळेतला रंगीत खडू घ्या, खणाच्या दोन्ही बाजू, वरच्या कडा आणि तळ यांवर मोकळ्या हातानं फासा, खण दोनदा आत-बाहेर करा आणि खोक्याच्या आतून टॉर्च मारून बघा रंग कुठे लागलाय. मी तीन वर्षं वरच्या कडेबरोबर बाजूही रंधत होतो, कारण ओढताना आवाज बाजूनं यायचा. खडूचा रंग निघाला माथ्याच्या मधोमध आणि बाजूंच्या वरच्या कडेला. बाजू कुठेच घासत नव्हत्या.

वरची कड घासण्याचं कारण माझ्याच कंजूषपणात होतं. खणांच्या बाजूंना मी घरच्या फणसाच्या फळ्या वापरल्या होत्या, १० इंच उंचीच्या. फणसाचं लाकूड चांगलंच, आमच्याकडच्या जुन्या घरांच्या चौकटी त्याच्याच आहेत. पण अखंड फळी दमट हवेत रुंदीला फुगते. लांबीला जवळपास फुगतच नाही, त्यामुळे लांबी तपासून काहीच कळत नाही. उभ्या लावलेल्या फळीची रुंदी म्हणजेच खणाची उंची.

किती फुगते याचा अंदाज सागावरून घेऊ, कारण साग कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतो. फळीच्या टोकाकडून बघितल्यावर वलयं रुंदीच्या दिशेनं आडवी पसरलेली दिसत असतील, तर लाकडातला ओलावा एक टक्क्यानं वाढला की रुंदी साधारण ०.२ टक्के वाढते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात फळीत ११ टक्के ओलावा असला आणि ऑगस्टमध्ये तो १८ वर गेला, तर ७ टक्क्यांचा फरक. १० इंच म्हणजे साधारण २५० मिमी. हिशोब येतो साडेतीन मिलिमीटरचा, तोही सागाचा. वलयं फळीत उभी असतील तर याच्या साधारण निम्मं. पण माझ्या फळ्या आडव्या वलयांच्या होत्या आणि वर गाळा होता २ मिमी.

आता रंध्याचं. जूनमध्ये मी वरची कड ३ मिमी उतरवायचो. खण सुटायचा, मी खूश. डिसेंबरात फळी आक्रसायची आणि २ मिमीच्या जागी ५ मिमीचा गाळा उरायचा. एवढ्या गाळ्यात उघडलेला खण बाहेर नाक खाली घालतो, आतलं टोक वर उचललं जातं आणि ते वरच्या फळीत रुततं. रुतून रुतून तिथे खड्डा पडतो, पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्याच्या ओठावर फुगलेली कड अडकते, आणि मी परत रंधा घेतो.

शेवटी फळ्या काढल्या आणि बाजू १२ मिमी प्लायवूडच्या केल्या. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, एक थर फुगायला बघतो त्याला शेजारचा धरून ठेवतो, म्हणून उंची-रुंदीला फरक नगण्य पडतो. जाडीला आणि कापलेल्या कडेला मात्र ते फुगतं, तिथे काळजी घ्यावी लागते. फणसाच्या फळ्या वाया गेल्या नाहीत. आईनं देवघराचं शेल्फ करून घेतलं.

माथ्याच्या मधोमध रंग लागला त्याची गोष्ट वेगळी. वरून पाइप टाकायचे, तिथे घासू नये म्हणून मी माथ्यावर सनमायका लावला होता. फक्त वरून. खालून कोरं प्लाय. सनमायकातून ओलावा जात नाही, खालची उघडी बाजू पाणी पिते आणि ताणली जाते, आणि फळी खालच्या अंगाला पोट काढते. नेमकी खणावर. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणून बघितलं तर मध्ये ४ मिमी पोट होतं. कुठल्याही फळीला एका बाजूला सनमायका लावला तर दुसऱ्या बाजूलाही काहीतरी लावलंच पाहिजे. दुकानात त्यासाठी मागच्या बाजूला चिकटवायचा पातळ, स्वस्त बॅकर मिळतो. तेही नको असेल तर दोन्ही बाजू कोऱ्या ठेवून सारखाच रंग द्या. आमच्या इथल्या एका ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं खणाच्या तळालाही आतून सनमायका लावला आहे, पुसायला सोपं म्हणून. त्याचे खण खाली घासतात. कारण तेच.

रंगाचं एका वाक्यात सांगता येत नाही, पण मुख्य मुद्दा कडांचा आहे. लोक दर्शनी बाजूला प्रायमर, दोन हात एनॅमल, सगळं करतात आणि कापलेल्या कडा तशाच सोडतात, कारण त्या दिसत नाहीत. प्लायवूड पाणी पितं ते कडेनं. प्रत्येक तुकडा जोडण्याआधी सुटा असताना सहाही बाजूंनी रंगवा, कडांना तीन हात. स्क्रूची भोकंही आधी पाडून त्यांत ब्रश फिरवा. जोडल्यावर रंग देणं म्हणजे छत्री फाटल्यावर रेनकोट शोधणं. आणि हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायचं. पाऊस सुरू झाल्यावर ओल्या लाकडावर रंग दिला तर ओलावा आत कोंडतो आणि पापुद्रे सुटतात.

पट्ट्या झिजल्या असतील तर

खण ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांकडे माझं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं. खण ६ फूट लांब, ६० किलोचा, सारखा भरलेला. तो ४ फूट बाहेर ओढला की त्याचा मध्य खोक्याच्या कडेच्या एक फूट बाहेर जातो. आत उरले २ फूट. तेवढ्या २ फुटांनी खण तोलायचा, तर त्याचं आतलं टोक वरच्या फळीला ३० किलोनं वर ढकलतं, आणि खोक्याच्या मागच्या कडेवर खणाचे ६० अधिक हे ३० असा ९० किलोचा भार येतो. तोही एका रेघेवर. म्हणून पट्टीचे शेवटचे सहा इंच आधी झिजतात, बाकीची पट्टी नवी कोरी असते. तिथे बोट फिरवून बघा. घळ लागली तर खण आत जाताना त्या घळीतून वर चढत असतो, आणि आपल्याला वाटतं कुठेतरी फुगलंय.

टेलिस्कोपिक चॅनेल का नाही, हे बरेच जण विचारतात. स्वयंपाकघरात ते झकास. बाजारात सहज मिळणारी जोडी साधारण ४५ किलोची आणि २०-२२ इंच लांबीची असते, दोन्ही बाजू अगदी समांतर लागतात आणि गोळ्यांत धूळ गेली की संपलं. आमच्याकडची तांबडी धूळ काय असते हे चिरेखाणीच्या रस्त्यानं गाडी नेलेल्यांना सांगायला नको. जड मालाचे लांब चॅनेलही मिळतात, पण पिळणाऱ्या हौद्यात मला त्यांचा भरवसा वाटला नाही.

मी एचडीपीईच्या पट्ट्या लावल्या. स्वयंपाकघरातले पांढरे जाड चॉपिंग बोर्ड ज्याचे असतात तोच माल, पत्र्यासारखा शीटमध्ये मिळतो आणि लाकडाच्या करवतीनं कापता येतो. १० मिमी जाड, ४० मिमी रुंद. खण टेकतो तिथे खाली, आणि आडवा सरकू नये म्हणून बाजूंना. खणाच्या आतल्या टोकाशी वरूनही एक तुकडा, ते ३० किलो झेलायला. पहिल्यांदा बसवताना मी प्रत्येक फुटाला घट्ट स्क्रू मारला आणि एप्रिलच्या उन्हात पट्टी सापासारखी वळवळली. हे प्लास्टिक तापलं की लाकडापेक्षा खूपच जास्त वाढतं, ६ फुटांच्या पट्टीत ३० अंशांच्या फरकाला सहा-सात मिलिमीटर सहज. आता मागच्या कडेशी एकच स्क्रू घट्ट आहे, बाकीच्यांची भोकं लांबट केली आहेत आणि स्क्रू अर्धा फेरा सैल. सगळ्यांची डोकी पट्टीच्या आत दोन मिमी बुडालेली हवीत, नाहीतर खणाचा तळ करवतीसारखा कापला जातो.

आणि ग्रीस लावू नका. पहिले दोन दिवस लोण्यासारखं चालतं, मग त्यात धूळ बसून पॉलिश पेपर तयार होतो. सुकं मेण लावा. देवाजवळची पांढरी मेणबत्ती महिन्यातून एकदा पट्टीवर उभी-आडवी घासली की पुरते.

खण सुटला, आणि घाटात उघडला

एवढं सगळं झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आंबोली घाट चढत होतो. वळणावर मागून धाडकन आवाज. उतरून बघतो तर दोन्ही खण मागे येऊन फाळक्यावर आदळलेले, फाळक्याची एक कडी वाकलेली. आधी खण इतके घट्ट असायचे की त्यांना अडसराची गरजच नव्हती! मी एक रोग बरा केला आणि त्याच्यामागे दडलेला दुसरा बाहेर आला.

चढावर ६० किलोचा खण मागे ओढला जातो तो तसा चार-पाच किलोनंच, एवढ्यानं मेण लावलेली पट्टीही सहसा सुटत नाही. पण प्रत्येक खड्ड्यात खण क्षणभर हलका होतो आणि तेवढ्या क्षणात बोटभर सरकतो. दहा किलोमीटर घाटात असे किती खड्डे येतात ते मोजायची गरज नाही.

दर्शनी फळीवर स्क्रूनं अळदंडी (सरकती कडी) ठोकली तर ती टिकत नाही, हेही करून बघितलंय. हिसके बसून स्क्रू प्लायच्या थरातून उपटून येतात. टिकली ती खुंटी. खोक्याच्या माथ्यातून आरपार जाणारी १२ मिमीची सळई, वर धरायला वाकवलेली, जी खणाच्या दर्शनी फळीमागच्या सागाच्या ठोकळ्यातल्या भोकात उतरते. भोक १४ मिमीचं, आतून जीआय पाइपचा तुकडा ठोकलेला. सळई उभी असल्यामुळे हादऱ्यानं उलट खालीच बसते. खणाच्या आतल्या टोकाला, पुढच्या फळीवर, रबराचे दोन ठोकळे आहेत. जोरात ब्रेक लागला तर खण पुढे जाऊन त्यांच्यावर आपटतो.

खण पूर्ण बाहेर येऊन पायावर पडू नये म्हणून मागे अडणीही हवी. मी जाड नायलॉनचा पट्टा लावलाय, ४ फुटांना ताणला जातो. लाकडी अडणी दोनदा तुटली.

पाणी

वरचं सगळं केलंत आणि खोकं हौद्याच्या तळाला चिकटून बसलेलं असेल, तर दोन वर्षांत तळाची फळी कुजेल. हौद्याचा पत्रा पन्हाळीदार असतो, त्या पन्हाळीत पाणी साचतं आणि प्लाय खालून पितं. तीन टेकूंमुळे खोकं आपसूक इंचभर वर उचललं गेलं हा फायदा मला नंतर कळला. हौद्याच्या कोपऱ्यांतली पाणी जायची भोकं मात्र दर पंधरा दिवसांनी काडीनं मोकळी करा, पानं अडकतात. ताडपत्री खोक्यावर घट्ट लपेटू नका. पाऊस थांबल्यावर ऊन पडलं की आत वाफ कोंडते आणि ताडपत्री नसती तर बरं झालं असतं अशी अवस्था होते. मी माथ्यावर दोन आडव्या पट्ट्या टाकून ताडपत्री चार बोटं वर ठेवतो, बाजूनं वारा खेळतो.

स्क्रू स्टेनलेसचे. साधे काळे स्क्रू किनाऱ्याजवळ वर्षभरात डोकं सोडतात.

नवीन खोकं करणार असाल तर

प्लायवूड विकत घेताना दुकानदार "वॉटरप्रूफ आहे" म्हणेल, तिकडे लक्ष देऊ नका, शिक्का बघा. एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) म्हणजे घरातल्या दमटपणापुरतं, पाण्यासाठी नव्हे. त्याचा गोंद उकळत्या पाण्यात सुटतो. हौद्यासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय. त्या मानकाच्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळतात. शिक्क्यावरचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून खरा आहे का ते बघता येतं. शंका असेलच तर हातभर तुकडा मागून घ्या, त्यातला दोन इंचांचा कापून जुन्या टोपात चार तास उकळा. एमआर असेल तर पाकळ्या सुटतात. टोप मात्र स्वयंपाकाला परत वापरू नका, आणि घरच्यांना आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं.

१८ मिमीची आठ बाय चारची शीट ३५ किलोच्या आसपास भरते, १२ मिमीची २३. मरीन प्लाय जड लाकडाचा असेल तर आणखी चार-पाच किलो. तळ आणि उभ्या फळ्या १८ मिमी, माथा आणि खण १२ मिमी असं धरलं तर दोन जाड, चार पातळ शीट लागतात आणि रिकामं खोकंच दीडशे किलोच्या घरात जातं. तेवढा माल आता गाडीत कमी भरायचा, हे पहिल्याच दिवशी मनात पक्कं करा. चार फुटी शीटमधून सव्वापाच फुटांचा तळ निघत नाही, तो मधल्या उभ्या फळीखाली जोडावा लागतो. ती जागा जोडासाठी उत्तमच आहे.

पूर्ण रुंदीचा एकच खण करायचा मोह टाळा. आडवा रुंद आणि आखूड खण एका कोपऱ्यातून ओढला की तिरका होऊन दोन्ही भिंतींत पाचरीसारखा बसतो. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर तो प्रश्न सहसा येत नाही. आमचे अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब आहेत, एका हातानं कोपऱ्यातून ओढले तरी सरळ येतात.

गाळा मी वर ४ आणि बाजूंना ३ मिमी सोडला आहे, आणि वर्षातून दोनदा मोजतो, मेअखेर आणि ऑगस्टच्या मध्यावर. या खेपेला मेमध्ये वर ४ भरला, ऑगस्टमध्ये साडेतीन. उजवा खण आता काही म्हणत नाही. डावा मात्र पूर्ण भरला की शेवटच्या इंचाला अंगावर येतो. खडू लावून झाला, रंग कुठेच उमटला नाही, म्हणजे लाकूड नव्हे. आतल्या टोकाचा रबराचा ठोकळा पाण्यानं फुगलाय असा संशय आहे. पाऊस उघडला की खण बाहेर काढून बघतो.